बाबा फोनमध्येच भेटतो, तर फोन दूर कसा ठेवायचा?

पडवीतली | १२ जून
नमस्कार मंडळी. मी दापोली तालुक्यात, हर्णैच्या जवळ राहते. घरात सासूबाई, सासरे, मी आणि साडेतीन वर्षांचा मुलगा. नवरा मर्चंट नेव्हीत आहे, एकदा जहाजावर गेला की सहा-सात महिने येत नाही. मी पतसंस्थेत नोकरी करते, दहाला बाहेर पडते ती सहाला घरी. तेवढा वेळ मुलगा अंगणवाडीत आणि नंतर आजी-आजोबांकडे.

मुलासाठी बाबा म्हणजे फोन. जहाजावर नेट मिळेल तेव्हा व्हिडिओ कॉल येतो, कधी पहाटे, कधी रात्री दहाला. कॉल संपला तरी फोन त्याच्या हातातच राहतो. "बाबा परत लाव" म्हणून रडतो, बाबा लागत नाही, मग कुणीतरी जेसीबीचे व्हिडिओ लावून देतं आणि तो गप्प होतो. आता मृग लागला, अंगणातलं खेळणं बंद झालं आणि दुपारचं जेवणही व्हिडिओ बघतच व्हायला लागलंय. काल मध्येच फोन काढून घेतला तर ताट भिरकावलं.

कॉल मी बंद करणार नाही. बापलेकाला सध्या तेवढाच आधार आहे. फोनमधला बाबा ठेवून बाकीचं कमी करणं कुणाला जमलंय का? आणि सासूबाईंकडे हा विषय कसा काढायचा? दिवसभर त्याच सांभाळतात, त्यांना दुखवायचं नाहीये.

बंदरकर | १२ जून
घरोघरचा विषय आहे. आमच्याकडे उलटी तऱ्हा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे बाप घरी. होड्या वर ओढल्या, जाळी शिवून झाली की सगळे बापये फोन घेऊन ओटीवर बसतात आणि पोरं खांद्यावरून बघतात. आधी मोठ्यांचे फोन खाली ठेवायला लावा, एवढंच म्हणेन.

कडुलिंब | १२ जून
मी बालरोगतज्ज्ञ आहे, रत्नागिरी जिल्ह्यातच काम करते. आधी दिलासा देते. इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सच्या शिफारशींत दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नकोच म्हटलंय, पण त्यातही नातेवाइकांच्या अधूनमधूनच्या व्हिडिओ कॉलला मोकळीक ठेवली आहे. तुमचा मुलगा तर साडेतीनचा आहे. बाबांच्या कॉलबद्दल मनात काही ठेवू नका.

दोन ते पाच वर्षांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठं माणूस शेजारी असताना. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये हीच मर्यादा सांगितली आणि सोबत दोन गोष्टी जोडल्या ज्यांच्याकडे कुणी बघत नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत १० ते १३ तास झोप हवी आणि दिवसभरात मिळून तीन तास हालचाल हवी. मी दवाखान्यात फोनचे तास विचारण्याआधी झोप विचारते. रात्री दहाच्या कॉलनंतर तो किती वाजता झोपतो?

पडवीतली | १२ जून
अकरा-साडेअकरा होतात डॉक्टर. सकाळी अंगणवाडीसाठी आठला उठवावं लागतं, दुपारी झोपत नाही.

कडुलिंब | १२ जून
मग ताट भिरकावण्यामागे अपुरी झोपही आहे. झोपायच्या आधीचा तासभर पडदा नको. उजेडाने झोप यायला उशीर होतो, आणि आनंदाने उसळलेलं मूल तसंही लगेच झोपत नाही.

ठाण्याची_सून | १२ जून
डॉक्टर, आकडे पटतात, पण ते पाळायचे कुणी? नवरा समुद्रावर, बाई नोकरीवर, सासू-सासरे सत्तरीच्या पुढे. प्रत्येक वेळी धडा आईलाच. माझं माहेर गुहागरचं, सासर ठाण्याचं, दोन्हीकडे मी हेच बघते. बाप व्हिडिओ लावून देतो तेव्हा तो "मुलाला सांभाळतो" आणि आई लावून देते तेव्हा "फोनची सवय लावते". पडवीतली, तुम्ही एकटीने हे ओढू नका, नवऱ्यालाही कामाला लावा, जहाजावर असला तरी.

दर्यावर्दी | १३ जून
ठाण्याच्या ताई बरोबर बोलल्या. मी जहाजावर सेकंड इंजिनीयर आहे, घर राजापूर तालुक्यात, मुलगी चार वर्षांची. बापाच्या बाजूने लिहितो.

ताई, आम्हाला तिकडे फार वाईट वाटत असतं. वॉच म्हणजे कामाची पाळी संपली, नेट सापडलं, की पहिला विचार घरचा. भारतात किती वाजलेत ते बघतच नाही आम्ही. माझी मुलगी झोपेतून उठून माझ्याशी बोलायची, मी खूश व्हायचो आणि दुसऱ्या दिवशी तिचं किरकिरणं बायकोच्या वाट्याला यायचं. बायकोने ते स्पष्ट सांगितलं तेव्हापासून आमचं असं चालतं.

संध्याकाळी साडेसातनंतर मुलीशी व्हिडिओ कॉल नाही. तेव्हा नेट मिळालं तर मी बायकोशी बोलतो आणि मुलीसाठी आवाज रेकॉर्ड करून पाठवतो, एखादी गोष्ट, जहाजावर काय जेवलो, खिडकीतून काय दिसलं. रात्री दिवा मालवून आजी तो आवाज लावते, फोन पालथा ठेवून. ऐकत ऐकत झोपते ती.

दुसरं म्हणजे फोन तिच्या हातात द्यायचाच नाही. माजघरातल्या फडताळावर तो उभा करून ठेवतात, ती समोर उभी राहते. हात मोकळे असल्यामुळे मला सारखं काहीतरी आणून दाखवते. मांजर, चप्पल, शेवग्याची शेंग. कॉल संपायच्या आधी मीच सांगतो की आता फोन ठेवल्यावर तू आजोबांबरोबर कोंबड्या झाकायला जा, आणि उद्या मला सांग किती होत्या. फोन बंद झाल्यावर करायला काम असतं, म्हणून रडणं कमी होतं. हे सांगणं बापाच्या तोंडूनच गेलं पाहिजे. घरातल्यांनी सांगितलं तर पोरांना ते बाबापासून तोडतात असं वाटतं.

गजालीकार | १३ जून
माझो नातू माका सांगता, "आजी, तू तुझी सिरियल बंद कर, मगे मी मोबाईल ठेवतंय." आता मी काय बोलतलंय!

बंदरकर | १३ जून
गजालीकार काकी, नातवाला सरपंच करा.

तिसरी_घंटा | १३ जून
थोडं वेगळं मत मांडतो. टीव्ही आला तेव्हा डोळे जातील म्हणायचे. माझा मुलगा पाच वर्षांचा, सावंतवाडीत असतो. इंग्रजी अक्षरं, ग्रह, डायनासोरची नावं, सगळं फोनवर शिकला. आमच्या गावात ना वाचनालय ना छंदवर्ग. शहरातल्या मुलांना जे पैसे टाकून मिळतं ते आमच्या मुलांना या पडद्यावर फुकट मिळतंय. कोरोनाच्या वर्षात रेंजसाठी पोरं सड्यावर जाऊन बसायची, तेव्हा हाच फोन शाळा होता. त्याला खलनायक करू नका.

वाचासखी | १४ जून
तिसरी घंटा, पाच वर्षांच्या मुलाबद्दल तुमचं बरंच खरं आहे. लहान मुलांचं गणित वेगळं असतं. मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे, चिपळूणला काम करते. उशिरा बोलणारी मुलं रोज बघते.

२००३ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. नऊ महिन्यांच्या बाळांना मँडरिन चिनी ऐकवली. काही बाळांशी माणूस समोर बसून खेळत बोललं, काहींना तीच माणसं व्हिडिओवर दाखवली. समोर माणूस असलेल्या बाळांनी ते उच्चार ओळखायला सुरुवात केली. व्हिडिओवाल्यांमध्ये काहीही फरक पडला नाही.

पडवीतली, तुमच्यासाठी मात्र दुसरा प्रयोग महत्त्वाचा आहे. तो २०१४ चा. दोन ते अडीच वर्षांच्या मुलांना नवे शब्द शिकवले, काहींना प्रत्यक्ष, काहींना व्हिडिओ कॉलवर आणि काहींना आधी रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओवर. कॉलवरची मुलं प्रत्यक्षाइतकीच शिकली, रेकॉर्डवरची नाही. पडदा सारखाच होता. पण कॉलवरचा माणूस मुलाचं ऐकून थांबतो, हसतो, त्याच्या प्रश्नाला उत्तर देतो. जेसीबीचा व्हिडिओ मुलाने काहीही म्हटलं तरी पुढेच जातो. म्हणून बाबा आणि जेसीबी एकाच फोनवर असले तरी एकाच हिशेबात धरू नका. एका तासाच्या मर्यादेत बाबाला तर अजिबात बसवू नका.

आणखी एक, सगळ्यांसाठी. दोन वर्षं पूर्ण झाली तरी मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल तर "फोनमुळे असेल" म्हणून घरी बसू नका. आधी कानांची तपासणी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, त्यांना दाखवा. पुढची तपासणी आणि उपचार त्यातून मोफत होतात. फोन बंद करून वाट बघण्यात ऐकू न येणाऱ्या मुलाची मोलाची वर्षं गेलेली मी पाहिली आहेत, फार जीव तुटतो.

तिसरी_घंटा | १४ जून
दोन वर्षांखालच्यांबद्दल मान्य. पाच वर्षांच्या पुढे मी माझ्या मतावर ठाम आहे, फक्त काय बघतोय ते शेजारी बसून बघावं. मी डायनासोरचे व्हिडिओ त्याच्याबरोबर बघतो. मलाही सगळी नावं पाठ झालीत.

नातवंडांची_आजी | १५ जून
माझ्या सुनेने हा धागा वाचायला दिला. मी श्रीवर्धनकडची. "सासूबाईंना कसं सांगायचं" वाचलं आणि लिहावंसं वाटलं.

बाळ, सासूला सांगू नकोस, विचार. विचार की फोन कधी द्यावासा वाटतो. आम्ही लाड म्हणून देत नाही गं. पावसात अंगणात शेवाळ धरतं. विहिरीचा कठडा जुना. गवत वाढलं की विषारी फुरसं साप कुठे असेल सांगता येत नाही. तीन-साडेतीन वर्षांचं पोर दारातून सुटलं की माझे गुडघे त्याच्या मागे धावत नाहीत. फोन हातात असला की पोर एका जागी बसतं आणि मी भात गाळून घेते. माझं मन तेवढा वेळ शांत असतं. ते भय कमी करा, फोन आपोआप कमी होईल. आमच्या मुलाने पडवीला कमरेएवढं फळ्यांचं फाटक केलं, कडी बाहेरून. आता नातू आत मोकळा असतो आणि मी स्वयंपाकघरातून बघते.

जेवताना मात्र फोन नाही म्हणजे नाही. हे मी सुनेला सांगितलं, सुनेने मला नाही. आपण मासे खाणारी माणसं. सुरमई-पापलेटचं ठीक आहे, पण पेडवे, तारली घरात शिजतात. पोराचं लक्ष फोनात असलं की काटा जिभेला लागलेला कळत नाही, घास तसाच खाली जातो. माझ्या डोळ्यांदेखत शेजारच्या मुलाच्या घशात काटा रुतला, रात्री गाडी काढून तालुक्याला न्यावं लागलं. तोंडात काय आहे ते पोराला कळलं पाहिजे. दोन घास कमी गेले तर जाऊ देत, संध्याकाळी भूक लागेल तेव्हा पेज आहे.

कडुलिंब | १५ जून
आजी, काट्याचा मुद्दा मी उद्यापासून प्रत्येक पालकाला सांगणार. पोट भरल्याचंही तसंच आहे. पडद्याकडे बघत जेवणाऱ्या मुलाला भूक कुठे संपली ते कळत नाही. काही मुलं जास्त खातात, काही घास गालात धरून बसतात.

पडवीतली | १६ जून
आजी, तुमचं वाचून काल सासूबाईंना विचारलं. त्यांनी विहीर आणि फुरसं, दोन्हींचं नाव घेतलं. शिवाय म्हणाल्या, "तुझा नवरा तिकडे, पोराला काही झालं तर मी त्याला काय तोंड दाखवू?" दोघी बराच वेळ बोललो. सासरे सुताराला बोलावणार आहेत.

काजूबोंड | १६ जून
फाटक झालं की पडवी म्हणजे राज्य! आमच्या घरी पावसाळ्यात चालणारं सांगते. पागोळ्यांखाली तांबे, डबे, वाट्या मांडायच्या आणि कुठला आधी भरतो बघायचं. मे महिन्यात किनाऱ्यावरून आणलेले शंख-शिंपले पावसासाठी राखून ठेवायचे, मातीत खुपसून घरं करायची. आठळ्या सोलायला, चिंचोके मोजायला द्यायचे. घावन्याच्या पिठात बोट घालू द्यायचं. आजोबांबरोबर नारळाच्या हिरांचा ढीग लावायचा, लांब एकीकडे, आखूड एकीकडे. सुरुवातीला मोठं माणूस सोबत बसावं लागतं, मग मूल स्वतःच रमतं.

कडुलिंब | १६ जून
सगळं छान, फक्त चिंचोके आणि अख्ख्या आठळ्या साडेतीनच्या मुलाला एकट्याने नकोत. श्वासनलिकेत अडकतात. शिंपलेही तोंडात मावणार नाहीत एवढे मोठे निवडा. आणि पागोळ्यांखालचे डबे खेळ झाल्यावर उपडे करा, डास होतात.

काजूबोंड | १६ जून
बरोबर डॉक्टर. आमची धाकटी सहा वर्षांची आहे, त्या हिशेबाने लिहिलं होतं.

नंबरवाला | १७ जून
मी चष्म्याचे नंबर काढतो, कुडाळला. पडवीचं कौतुक वाचून राहवलं नाही. लहान वयात लागणाऱ्या लांबच्या नंबराला उघड्यावरचा उजेड अडवतो, हे आता चांगलं सिद्ध झालंय. चीनमधल्या ग्वांगझूच्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्त बाहेर काढलं, तर तीन वर्षांनी नव्याने नंबर लागलेल्यांचं प्रमाण इतर शाळांतल्या मुलांपेक्षा कमी निघालं. तैवानने २०१० पासून रोज १२० मिनिटं बाहेर, असा कार्यक्रमच लावला. उजेडामुळे डोळ्याच्या आतल्या पडद्यात डोपामिन नावाचं द्रव्य स्रवतं आणि डोळ्याचा गोल लांबट व्हायचा थांबतो, असं मानलं जातं.

पाऊस आहे, ऊन कुठलं, असं पालक म्हणतात. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर काही हजार लक्स उजेड असतो, माजघरात जेमतेम शंभर-दोनशे. म्हणून मूल घरातच असलं तरी पडवीच्या कडेला खेळवा, आतल्या खोलीत नको.

वाडीतला_मास्तर | १७ जून
सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये केलेलं आठवलं. रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास सगळं गाव टीव्ही-मोबाईल बंद ठेवतं. मुलं अभ्यासाला बसतात. आपल्याकडे का होऊ नये?

बंदरकर | १७ जून
मास्तर, तिकडे घराला घर लागून. आपल्या वाड्या विखुरलेल्या, मध्ये पऱ्या, डोंगर. पावसात भोंगा दुसऱ्या आळीत पोचायचा नाही.

वाडीतला_मास्तर | १७ जून
भोंगा नको, सांजवात आहे ना. आमच्या लहानपणी दिवा लागला की शुभंकरोती आणि पाढ्यांचा परवचा. त्या वेळेपासून जेवणापर्यंत घरातल्या सगळ्यांचे फोन कपाटावर. मी माझ्या वर्गातल्या पालकांना हेच सांगतो. गावाने एकत्र ठरवलं तर सिरियल बघणाऱ्या घरातल्या पोरालाही सोपं जातं.

केळशीकर | १८ जून
३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्याकडे वीज यायला फार वेळ लागला. टीव्ही नाही, फोन नाही. सुरुवातीला मुलं वेडीपिशी झाली, मग पडलेल्या सुपारीच्या बागेत खेळ मांडून बसली.

ठाण्याची_सून | १८ जून
केळशीकर, मुलं खेळली हे चांगलंच, पण त्या दिवसांत आम्ही इकडे रडत बसलो होतो, माहेरचा एक फोन लागत नव्हता. तसे दिवस नकोत कुणाला.

केळशीकर | १८ जून
खरंय ताई. बाग गेली आमची त्यात.

पडवीतली | ९ जुलै
सगळ्यांना कळवायचं राहून गेलं. फाटक बसलं. नवऱ्याशी बोलले, दर्यावर्दी दादांचं लिहिलेलं त्यालाही पाठवलं. तो आधी गप्प झाला, मग म्हणाला की रात्रीचा कॉल सोडवत नाही, पण आवाज पाठवेन. आता जहाजावरच्या कुकच्या गोष्टी रोज येतात आणि मुलगा दहाच्या आत झोपतो.

सगळ्यात उपयोग झाला तो जुन्या फोनचा. त्यात फक्त कॉलचं ॲप ठेवलंय आणि तो फडताळावर असतो. तो "बाबाचा फोन". त्यात जेसीबी नाही हे त्याला कळलंय, त्यामुळे कॉलनंतर मागत नाही. जेसीबी सासऱ्यांच्या फोनवर, संध्याकाळी चहाच्या वेळी, त्यांच्या मांडीवर बसून. जेवताना बंद केल्यावर आठवडाभर फार जेवला नाही, सासूबाईंचा जीव खालीवर होत होता, मला धीर धरा म्हणणंही जड गेलं. आता मऊ भात आणि आमटी स्वतःच्या हाताने खातो, निम्मी सांडतो.

जमत नाही ते पाहुण्यांचं. मुंबईची मंडळी आली की प्रत्येकाच्या हातात फोन आणि "बघू दे गं थोडं". गणपतीत घर भरेल तेव्हा काय करायचं?

नातवंडांची_आजी | ९ जुलै
गणपतीत दर तासाला आरती, जाखडीचा नाच, मोदकाचं पीठ. पोर फोन शोधणार नाही. पाहुण्यांना मात्र सासूने सांगायचं, सुनेने नाही. सुनेने सांगितलं की बोलणं होतं.

दर्यावर्दी | १० जुलै
ताई, नवरा घरी येईल तेव्हाचंही आत्ताच ठरवा. सुट्टीवर आल्यावर पहिले काही दिवस मुलगी समोर बसलेल्या मला सोडून फोनमधला बाबा मागत होती. मनाला फार लागलं. बायकोने कॉलचा फोन कपाटात ठेवला आणि मी दिवसभर तिच्या मागे मागे राहिलो.

नवी_आई_देवगड | १० जुलै
एकच ॲप उघडं राहील असं फोनमध्ये कसं करायचं? माझ्याकडे जुना अँड्रॉइड आहे.

तिसरी_घंटा | १० जुलै
सेटिंग्जमध्ये सिक्युरिटीत "ॲप पिनिंग" असतं, ते चालू करा आणि "अनपिन करताना पिन विचारा" हेही. मग कॉलचं ॲप उघडा, अलीकडच्या ॲप्सच्या यादीत त्याच्या चिन्हावर दाबून "पिन" निवडा. आयफोन असेल तर ॲक्सेसिबिलिटीत "गाइडेड ॲक्सेस". व्हिडिओ दाखवायचे त्या फोनवर यूट्यूबचा ऑटोप्ले बंद ठेवा, किंवा यूट्यूब किड्स घ्या, त्यात टायमर लावता येतो. वेळ संपली की पडदाच सांगतो. आमच्याकडे वाद निम्मे झाले.

नवी_आई_देवगड | १० जुलै
झालं! धन्यवाद. सासऱ्यांच्या फोनवरही ऑटोप्ले बंद केला, त्यांना विचारून.